निदान होते, औषध नव्हते

डिसेंबर १९३६चा शेवटचा आठवडा. सावदा स्टेशनावर माणसांचे लोंढे उतरत होते आणि बैलगाडीने, पायी, मिळेल त्या वाहनाने फैजपूरची वाट धरत होते. काँग्रेसचे हे पन्नासावे अधिवेशन, आणि खेड्यात भरणारे पहिले. गांधीजींचा आग्रह होता की देशाची सभा देश जिथे राहतो तिथेच भरावी. धनाजी नाना चौधरींसारख्या खानदेशी कार्यकर्त्यांनी ते शिरावर घेतले, साने गुरुजी गावोगाव हिंडले, आणि नंदलाल बोसांनी बांबू, तट्टे यांसारख्या गावच्याच साहित्यातून टिळकनगर सजवले. २७ आणि २८ डिसेंबरला अध्यक्षस्थानी जवाहरलाल नेहरू होते. त्याच वर्षी फेब्रुवारीत लोझान येथे त्यांच्या पत्नी कमला क्षयाने गेल्या होत्या.

फैजपूरचे राजकारण पुष्कळांनी लिहिले आहे. मला त्या सालाकडे दुसऱ्या कारणासाठी पाहायचे आहे. १९३६ हे असे वर्ष होते, की हृदयाच्या आतल्या अस्तराला होणारा जंतुसंसर्ग, ज्याला डॉक्टर एंडोकार्डायटिस म्हणतात, मोठ्या शहरातला जाणता डॉक्टर ओळखू शकत होता. रक्तातला जंतू काचेच्या बाटलीत वाढवून दाखवू शकत होता. आणि तेवढे करून झाल्यावर त्याच्या हातात काहीही उरत नव्हते. निदान म्हणजे मृत्यूची आगाऊ सूचना, असा तो काळ होता. तो काळ आपण विसरलो, म्हणूनच आजचे निदान आपल्या हातून निसटते असे मला वाटते.

त्या साली यावल-रावेरच्या पट्ट्यात, सातपुड्याच्या पायथ्याशी, एखाद्या विशीतल्या तरुणाला हा रोग झाला असता तर काय घडले असते? आधी संध्याकाळचा बारीक ताप. अंग मोडून येणे, भूक मरणे, रात्रीचा घाम. पायथ्याची गावे हिवतापाची, म्हणून पहिला उपाय क्विनाइन. ताप हटत नाही म्हटल्यावर मुदतीचा ताप आहे असे ठरून लंघन. तीन आठवडे उलटले, अंगावरचे मांस उतरले, की घरातले हलक्या आवाजात क्षयाचे नाव घेणार. पोट तपासले तर डाव्या बरगडीखाली पानथरी हाताला लागणार. पण हिवतापाच्या मुलखात ती कुणाची वाढलेली नसते! एंडोकार्डायटिसची जी मोठी खूण, तीच इथे सगळ्यांच्या पोटात असल्याने काहीच सांगत नसे. मग एका सकाळी बोलता बोलता तोंड वाकडे होऊन अर्धे अंग लुळे पडणार, आणि लोक म्हणणार, तापात वारे गेले.

या सगळ्या घटना एकाच धाग्यात कशा बसतात, हे समजायला युरोपला कित्येक दशके लागली होती.

हृदयाच्या आतून एक पातळ, गुळगुळीत अस्तर असते. झडपांवरही तेच असते. गुळगुळीतपणा हेच त्याचे संरक्षण. वेगाने धावणाऱ्या रक्तातला जंतू तिथे टिकत नाही. पण लहानपणी संधिवाताचा ताप येऊन झडप खरबरीत झाली असेल, किंवा जन्मतः हृदयात छिद्र असेल, तर तिथे रक्तातल्या चिकट पेशी आणि तंतू साचतात. किडक्या दातांतून, सुजलेल्या हिरड्यांतून, एखाद्या पिकल्या जखमेतून जंतू रक्तात येतात ते या साचलेल्या थरात जाऊन बसतात. तिथे ते वाढतात आणि झडपेवर ठिसूळ गुठळ्या तयार होतात. गुठळीचे तुकडे रक्तासोबत सुटतात. मेंदूत गेला तर लकवा, मूत्रपिंडात गेला तर लघवीतून रक्त, पानथरीत गेला तर डाव्या कुशीत कळ. इकडे झडप कुरतडली जात राहते आणि हृदय थकत जाते.

फ्रान्समध्ये ज्याँ-बातिस्त बुयो याने १८३०च्या दशकात या दाहाला नाव दिले आणि सांध्यांच्या तापाशी त्याचे नाते दाखवले. १८५२ साली लंडनच्या विल्यम कर्क्स याने दाखवले की झडपेवरचे तुकडे सुटून दूरच्या रक्तवाहिन्या बंद करतात. १८६९च्या सुमारास नॉर्वेत इमान्युएल विंगे याने मृताच्या झडपेवरच्या गुठळीत सूक्ष्म जंतूंच्या माळा पाहिल्या. त्या रुग्णाच्या पायाचे कुरूप पिकले होते, एवढेच निमित्त. पण हे सारे शोध शवविच्छेदनाच्या टेबलावरचे. जिवंत माणसात हा रोग ओळखायचा कसा, हा प्रश्न कुणी सोडवला नव्हता.

मार्च १८८५मध्ये विल्यम ऑस्लर लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्समध्ये या विषयावर तीन व्याख्याने द्यायला उभा राहिला. दोनशेंवर रुग्णांच्या नोंदी त्याने गोळा केल्या होत्या. निदानाच्या बाबतीत इतके अवघड रोग थोडेच, आणि पुष्कळदा ती अडचण पार करताच येत नाही, असे त्याने स्पष्ट सांगितले. त्याच्या पिढीतला सर्वांत नावाजलेला डॉक्टर भर सभेत हे बोलतो, याचे मला फार मोल वाटते. विषमज्वर, हिवताप, मेंदूज्वर, कशाचेही सोंग हा रोग घेतो, हे त्याने रुग्णांची उदाहरणे देऊन मांडले. पुढे पंचवीस वर्षे तो याच रोगाच्या मागे राहिला. बोटांच्या टोकांवर उठणाऱ्या दुखऱ्या, लालसर गाठी आज त्याच्याच नावाने ओळखल्या जातात. नखाखालच्या काळपट रेघा, डोळ्याच्या पापणीआतले रक्ताचे ठिपके, जाड झालेली बोटांची टोके, तळहातावरचे न दुखणारे डाग, अशा खुणांची यादी त्या पिढीच्या डॉक्टरांनी रुग्णांचे हात हातात घेऊन, तास न् तास पाहून बनवली.

तरीही खूण ती खूणच. खात्री करून दिली ती रक्ताने. रुग्णाच्या शिरेतून रक्त काढायचे, मांसाच्या निर्जंतुक रसात सोडायचे, उबेत ठेवायचे आणि विरजण लावल्यासारखी वाट पाहायची. रक्तात जंतू असेल तर काही दिवसांत बाटली गढूळ होते. लंडनचा टॉमस हॉर्डर रुग्णाच्या उशाशी बसून स्वतः रक्त काढी; १९०९ साली त्याने दीडशे रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. जर्मनीत ह्यूगो शॉटम्यूलर आणि न्यूयॉर्कमध्ये इमान्युएल लिबमन यांनी १९१०मध्ये, एकमेकांपासून स्वतंत्रपणे, दाखवून दिले की महिनोन् महिने रेंगाळणाऱ्या प्रकारात बहुधा तोंडात राहणारा साधा स्ट्रेप्टोकोकस सापडतो. एरवी निरुपद्रवी असलेला, तुमच्याआमच्या हिरड्यांतला जंतू.

दुसऱ्याच वर्षी या चाचणीने एका फार मोठ्या माणसाचे भविष्य सांगितले. संगीतकार गुस्ताव माहलर न्यूयॉर्कमध्ये वाद्यवृंद चालवत होता. त्याच्या झडपेत दोष आहे हे आधीपासून माहीत होते. फेब्रुवारी १९११मध्ये ताप येऊ लागला. लिबमनला बोलावले गेले. त्याने जॉर्ज बेअर नावाच्या तरुण साहाय्यकाला रक्त काढायला पाठवले. चार-पाच दिवसांत बाटलीत स्ट्रेप्टोकोकस वाढला. माहलरने खरे काय ते सांगा असा आग्रह धरला, आणि डॉक्टरांनी सांगितले. मग त्याची एकच इच्छा उरली, व्हिएन्नाला जाऊन मरण्याची. समुद्र ओलांडून, पॅरिसमार्गे तो तिथे पोचला आणि १८ मे १९११ रोजी, पन्नासाव्या वर्षी, गेला.

त्याहून मनाला लागणारी हकिकत हार्वर्डच्या एका वैद्यकीय विद्यार्थ्याची आहे. आल्फ्रेड राइनहार्टला लहानपणी संधिवाताचा ताप येऊन गेला होता आणि झडप गळती होती. १९३१ साली एका रात्री आपल्या हातावर रक्ताचे बारीक ठिपके उठलेले त्याला दिसले. त्याने ते ओळखले. सहा महिन्यांत मी नसेन, असे त्याने घरच्यांना सांगितले. मग तो स्वतःच्या आजाराची टिपणे काढत राहिला: आज ताप किती, कळ कुठे, मन कसे आहे. वर्ष संपायच्या आत तो गेला. त्याची टिपणे पुढे सोमा वाइस या त्याच्या शिक्षकाने छापली. ज्ञान पूर्ण आणि उपाय शून्य, या अवस्थेचा इतका खरा दस्तऐवज दुसरा नसेल.

आता पुन्हा इकडे येऊ. फैजपूरच्या त्या तरुणाच्या घरची स्थिती बरी असती, कुणी जाणता सल्लागार भेटला असता, तर भुसावळला रात्रीची गाडी धरून त्याला मुंबईला नेता आले असते. जे. जे. रुग्णालय तेव्हा नव्वदी ओलांडलेले होते, परळचे के.ई.एम. दहा वर्षांचे. तिथे स्टेथोस्कोपने झडपेचा आवाज ऐकणारे कान होते आणि प्रयोगशाळाही. वसंत रामजी खानोलकरांनी या दोन्ही ठिकाणच्या महाविद्यालयांत विकृतिशास्त्राला शिस्त लावली. मृत्यूनंतर शरीर उघडून पाहायचे, आणि जिवंतपणी काय चुकले ते तिथे शिकायचे, ही सवय आपल्याकडे रुजवण्यात त्यांचा मोठा वाटा आहे.

पण एक अडथळा प्रयोगशाळेबाहेरचा होता आणि तो डोक्यात होता. संधिवाताचा ताप हा थंड, दमट देशांचा आजार. उष्ण प्रदेशात तो जवळजवळ नसतोच, असे इंग्रजी वैद्यकात बरीच वर्षे मानले जाई. तो आजार नाही म्हणून त्याने खराब झालेल्या झडपा नाहीत, आणि झडपा ठीक म्हणून त्यांच्यावरचा संसर्गही दुर्मीळ, असा तर्क. १९३०च्या दशकात लाहोर, लखनौ इथल्या डॉक्टरांनी आणि विशाखापट्टणमच्या पी. कुटुंबय्यांनी आपल्याच वॉर्डातले रुग्ण मोजून हा समज खोडून काढला. लहान वयात सुजलेले सांधे, दमलेली छाती, मर्मर आवाज, हे सगळे इथे होते, भरपूर होते. पुस्तकात नाही म्हणून कुणी शोधत नव्हते. मुंबईत पुढे के.ई.एम.चे डॉ. रुस्तम जाल वकील यांनी संधिवाती हृदयरोगावर काम केले. त्यांचे नाव जगभर झाले ते सर्पगंधेच्या रक्तदाबावरील गुणामुळे, १९४९ साली, पण हेही काम विसरू नये.

फैजपूरनंतर दोनच महिन्यांत प्रांतिक निवडणुका झाल्या. १९३७मध्ये मुंबई प्रांतात बाळासाहेब खेरांचे मंत्रिमंडळ आले आणि आरोग्यखाते मिळाले डॉ. मंचेरशा गिल्डर यांना. ते स्वतः मुंबईतले नामांकित हृदयरोगतज्ज्ञ. दारूबंदीचे मंत्री म्हणून लोक त्यांना ओळखतात. पण सात वर्षांनी हेच गिल्डर पुण्यात एका रुग्णाच्या उशाशी बसलेले दिसतात, तो प्रसंग या इतिहासात सांगितलाच पाहिजे.

फेब्रुवारी १९४४. आगाखान पॅलेसमध्ये गांधीजी, कस्तुरबा, डॉ. सुशीला नायर आणि गिल्डर स्थानबद्ध होते. कस्तुरबांचे हृदय खचले होते आणि फुप्फुसांना सूज आली होती. त्यांचा आजार एंडोकार्डायटिस नव्हता. पण जे औषध त्यांच्यासाठी मिळवले गेले ते हेच, ज्याची या रोगाचे जग वाट पाहत होते. पेनिसिलिन. युद्धामुळे ते सैन्यासाठी राखलेले, सामान्य माणसाच्या नजरेसही पडत नसे. देवदास गांधींच्या खटपटीने ते विमानाने पुण्यात पोचले. ते काही तासांच्या अंतराने सुई टोचून द्यावे लागते हे कळल्यावर गांधीजींनी मुलाला समजावले की आता आईला टोचून छळू नकोस. देवदासांनी आग्रह सोडला. २२ फेब्रुवारीला संध्याकाळी कस्तुरबा गेल्या. औषध तसेच राहिले.

याच्या महिनाभर आधी, जानेवारी १९४४मध्ये, अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकात न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमधील डॉ. लिओ लो आणि सहकाऱ्यांचा लेख आला होता: एंडोकार्डायटिसचे सात रुग्ण, पेनिसिलिन आणि रक्त गोठू न देणारे हेपरिन, आणि सातही सुधारले. जो रोग झाला की माणूस जातोच, त्यातून सात जण उठून बसले. हे सहज घडले नव्हते. आधीच्या थोड्या रुग्णांना अपुऱ्या मात्रेत औषध दिले गेले आणि ते दगावले, म्हणून युद्धकाळात पेनिसिलिनचे वाटप पाहणाऱ्या समितीने या रोगावर ते खर्चू नये असे ठरवले होते. लो यांनी फायझर कंपनीच्या जॉन स्मिथ यांना गाठले. स्मिथ यांची मुलगी जंतुसंसर्गानेच गेली होती. ते रुग्णालयात जाऊन लो यांच्या एका आजारी बालरुग्ण मुलीला पाहून आले आणि औषध देत राहिले. मात्रा मोठी, दिवस जास्त, शिरेतून अखंड थेंब: हा रोग हटण्याचे रहस्य एवढेच होते. झडपेवरच्या गुठळीत रक्तवाहिनी नसते, संरक्षक पेशी आत पोचत नाहीत. औषधाला बाहेरून झिरपत आत जावे लागते, म्हणून ते आठवडेच्या आठवडे द्यावे लागते.

पुण्यात पेनिसिलिन एकदा विमानाने आले होते. अकरा वर्षांनी ते पुण्याजवळच बनू लागले. १९५४मध्ये पिंपरीला हिंदुस्थान अँटिबायोटिक्सची स्थापना झाली आणि १९५५मध्ये उत्पादन सुरू झाले. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांची मदत होती. खानदेशातल्या तालुक्याच्या दवाखान्यात पेनिसिलिनची कुपी पोचली ती या कारखान्यामुळे, हे ऋण मान्य करायला हवे.

त्याच दशकात के.ई.एम.मध्ये डॉ. प्रफुल्लकुमार सेन अरुंद झालेल्या झडपांवर शस्त्रक्रिया करू लागले. १९६५ साली अमेरिकेत संसर्ग चालू असतानाच कुजलेली झडप काढून कृत्रिम झडप बसवून रुग्ण वाचवला गेला. स्वीडनमध्ये इंगे एड्लर आणि हेल्मुथ हर्ट्झ यांनी १९५३ साली जहाज बांधण्याच्या कारखान्यातले ध्वनिलहरींचे यंत्र आणून हृदयावर रोखले होते; १९७३च्या सुमारास त्याच तंत्राने, ज्याला आज आपण इको म्हणतो, जिवंत माणसाच्या झडपेवरची गुठळी दिसली. ऑस्लरला जी फक्त मृतात पाहता आली, ती आता पडद्यावर हलताना दिसते. १९९४मध्ये ड्यूक विद्यापीठातील डॉक्टरांनी निदानाचे निकष आखले: रक्तात वारंवार सापडणारा जंतू आणि इकोत दिसणारी गुठळी हे मुख्य पुरावे, ताप, आधीचा झडपेचा दोष, हातापायांवरच्या खुणा, इतरत्र गेलेले तुकडे हे दुय्यम. २०२३मध्ये ते निकष पुन्हा सुधारले गेले. पण पहिला पुरावा आजही रक्ताची बाटलीच आहे.

आणि नेमका तिथेच आपला पाय घसरतो. दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेने १९८१ ते १९९१ या काळातल्या आपल्या रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला, त्यात निम्म्याहून कमी रुग्णांच्या रक्तात जंतू वाढला. १९१०मध्ये लिबमनच्या हाती बहुतेक बाटल्या गढूळ होत होत्या. सत्तर-ऐंशी वर्षांनी, इतक्या चांगल्या प्रयोगशाळा असताना, यश कमी का? मोठे कारण सरळ आहे. लिबमनच्या रुग्णांनी प्रतिजैविक घेतलेले नसे, कारण ते नव्हतेच. आपला रुग्ण मोठ्या रुग्णालयात पोचतो तोवर त्याच्या पोटात दोन-तीन प्रकारच्या गोळ्या गेलेल्या असतात. त्या रोग बरा करण्याइतक्या पुरत नाहीत, पण बाटलीत जंतू वाढू नये इतक्या पुरतात. ताप चार दिवस उतरतो, पुन्हा येतो, गोळी बदलते. तोवर झडप फाटते. ज्या औषधाने हा रोग बरा होतो, तेच अवेळी घेतल्याने त्याचा माग पुसला जातो.

१९३६च्या डॉक्टरला निदान करून हळहळावे लागे. आपल्याला तो नाइलाज नाही. धुळ्यात आणि जळगावात आता सरकारी वैद्यकीय महाविद्यालये आहेत. रक्ताचे कल्चर, म्हणजे तीच बाटलीची चाचणी, करायला रात्रीची गाडी धरून परळला जावे लागत नाही. नीट उपचार झाले तर बहुसंख्य रुग्ण वाचतात. तरीही रुग्णालयात दाखल झालेल्यांपैकी साधारण पाचातला एक आजही दगावतो, आणि उपचार न झाल्यास हा रोग जवळजवळ हमखास प्राण घेतो.

म्हणून वाचकांना एवढीच विनंती. घरात कुणाला लहानपणी सांधे सुजून ताप आला असेल, झडपेचा दोष सांगितला असेल, हृदयात छिद्र असेल किंवा कृत्रिम झडप बसवली असेल, तर आठवडाभर न हटणाऱ्या तापात मेडिकल दुकानातून गोळी आणू नका. डॉक्टरांना पहिल्या वाक्यात हृदयाचे सांगा, आणि प्रतिजैविक सुरू होण्याआधी रक्ताचे कल्चर घ्यायचे का, हे स्वतःहून विचारा. ते रक्त एकदा नव्हे, वेगवेगळ्या जागी टोचून किमान तीनदा घेतात. त्याला नकार देऊ नका. दात आणि हिरड्या वर्षभर स्वच्छ ठेवा. जुने कागद आणि जुने इको जपून ठेवा आणि दवाखान्यात जाताना सोबत न्या.